औशात लेझर मशीन घ्यायचंय: मेटलचं घ्यावं, अॅक्रिलिकचं घ्यावं, की 'मिक्स'?

औसा_फॅब्रिकेटर

नमस्कार मंडळी. औशात माझं गेट-ग्रीलचं वर्कशॉप आहे, अकरा वर्षं झाली. पेरणी यंत्र आणि रोटाव्हेटरचे सुटे भागही करून देतो. पूर्वी चौकोनी पाईप आणि वर भाले लावले की गिऱ्हाईक खूश असायचं. आता घर बांधणारा प्रत्येक जण मोबाईल पुढं करतो: लेझर कटिंगचं गेट पाहिजे, मधी मोर पाहिजे, घराचं नाव पत्र्यात कापून पाहिजे. मी डिझाईन पेनड्राईव्हमध्ये घालून लातूरला नेतो. नंबर लागायला तीन-तीन दिवस जातात, टेम्पोचं भाडं वेगळं.

धाकटी बहीण बीकॉम झाली, कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर हात चांगला बसलाय. ती नेमप्लेट, ट्रॉफी, देवघराची एमडीएफ जाळी यांच्या ऑर्डरी घेते. तेही बाहेरूनच कापून आणावं लागतं.

आता दोन डीलर येऊन गेले. एक म्हणतो, १५० वॅटचं 'मेटल-नॉनमेटल मिक्स' घ्या, एकाच मशीनवर अॅक्रिलिक, लाकूड, पत्रा सगळं निघतं. दुसरा म्हणतो, घ्यायचंच तर ३ किलोवॅटचं फायबर, म्हणजे धातू कापायचं लेझर घ्या, नाहीतर पुढं पस्तावाल. कर्ज काढूनच घ्यावं लागणार. घरात या विषयावरून रोज चर्चा चालू आहे. ज्यांच्याकडं मशीन आहे त्यांनी खरं काय ते सांगा.

वाळूजचा_शीटमेटलवाला

भाऊ, पहिल्यांदा 'मिक्स'चं बोलतो, कारण त्यातच माणसं फसतात.

लेझर म्हणजे उजेड, आणि कोणता उजेड कोणती वस्तू पिते यावर सगळा खेळ आहे. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साईड वायूवर चालणाऱ्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. ती लाकूड, अॅक्रिलिक, कापड, चामडं, रबर ताबडतोब पितात. लोखंड मात्र ती बरीचशी परत फेकतं. फायबर लेझरची १.०६ मायक्रॉन, म्हणजे दहापट लहान. ती धातू पितो, पण पारदर्शक अॅक्रिलिकमधून ती सरळ आरपार जाते. त्यामुळं दोन्ही कामं सारखीच चांगली करणारं एक मशीन निघणं अवघड आहे.

'मिक्स' मशीन म्हणजे सीओटूच. त्याला ऑक्सिजनची लाईन आणि पत्र्यावर उंची धरणारं हेड जोडलेलं असतं. डीलर खोटं बोलत नाही, पत्रा कापतो. पण १ एमएम, फार तर दीड, आणि तोही सावकाश. तुमचं गेट किती एमएमचं असतं? २ नाहीतर ३. पेरणी यंत्राची पट्टी ५-६. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही मशीन आणणार, तेच काम त्यावर निघणार नाही.

माझ्याकडं २ किलोवॅटचं फायबर आहे, टेबल ३००० बाय १५०० एमएम. एमएस, म्हणजे साधं लोखंड मी ऑक्सिजनवर १२ एमएमपर्यंत घेतो, पण रोजचं, कड बघून समाधान वाटावं असं काम १० पर्यंतच. एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील नायट्रोजनवर ५-६. डीलरच्या कागदावरचा आकडा म्हणजे मशीन जास्तीत जास्त किती कापेल तो. तुम्ही ८ तास विनातक्रार किती कापेल ते विचारा, तो आकडा बराच खाली येतो.

आता खर्चाचं. माणसं मशीनची किंमत बघतात, गॅस बघत नाहीत. ऑक्सिजन स्वस्त पडतो, कारण त्यात लोखंड स्वतः जळून कापायला मदत करतं, प्रेशर कमी लागतं, ७ घनमीटरचा सिलिंडर तासन्‌तास पुरतो. नायट्रोजनचं उलटं आहे. तिथं १२-१५ बारच्या प्रेशरनं वितळलेला धातू ढकलून बाहेर काढायचा असतो. सलग कापलं तर तसाच ७ घनमीटरचा सिलिंडर अर्धा तासही टिकत नाही. एसएसचं काम जास्त असेल तर लिक्विडची टाकी नाहीतर सिलिंडरचा गठ्ठा लावावा लागतो, आणि तो औशाला कोण, किती दिवसांनी आणून देणार हे मशीन घ्यायच्या आधी विचारा. वाळूजला फोन केला की गाडी येते. तुमच्याकडची परिस्थिती मला माहीत नाही.

पातळ पत्र्याला हवेवर कटिंग होतं, गॅस वाचतो. पण त्याला १६ बारचा स्क्रू कॉम्प्रेसर आणि ड्रायर लागतो. हवेत तेल किंवा पाणी आलं की हेडमधली, लेन्सला जपणारी प्रोटेक्शन ग्लास काळी पडलीच म्हणून समजा. आणि हे ऐकून नवल वाटेल, पण माझा २० एचपीचा कॉम्प्रेसर लेझरपेक्षा जास्त वीज खातो.

नांदेडची_नेमप्लेट

दादा, तुमच्या बहिणीच्या कामाबद्दल मी सांगते. नांदेडला माझं ट्रॉफी-नेमप्लेटचं युनिट आहे, सीओटू १०० वॅट, टेबल १३०० बाय ९०० एमएम. हे एकच मशीन आमचं घर चालवतं. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाआधी आणि शाळांच्या गॅदरिंगच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत बंद होत नाही.

माझी चूक आधी सांगते म्हणजे तुमची वाचेल. पहिलं मशीन मी १०० वॅटचं म्हणून घेतलं. ८ एमएम अॅक्रिलिक पहिल्या महिन्यात निघालं, तिसऱ्या महिन्यात ५ सुद्धा निघेना. विकणारा म्हणे, ताई तुमच्या लेन्सला धूळ आहे. लेन्स पुसून पुसून थकले. शेवटी एका ओळखीच्या मेकॅनिकनं मागचं झाकण उघडून टेप लावला. १०० वॅटची खरी ट्यूब, म्हणजे लेझर जिच्यात तयार होते ती काचेची नळी, १४०० एमएमच्या आसपास किंवा थोडी जास्तच लांब असते, व्यास ८० एमएमचा. माझी निघाली जेमतेम १२००, आणि बारीक. लहान ट्यूबला जास्तीचा करंट देऊन १०० म्हणून विकली होती. जास्त करंटवर ट्यूब काही दिवस जोरात चालते आणि मग झपाट्यानं मरते. तेव्हा टेप घेऊन जा आणि झाकण उघडायला लावा. लाजू नका.

दुसरं, सनबोर्ड. गिऱ्हाईक मागतंच, कारण स्वस्त आहे. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फोम. लेझरवर ठेवला की त्यातून हायड्रोजन क्लोराईडचा वायू निघतो. तो फुप्फुसाला वाईट, आणि ओल लागली की आम्ल होऊन मशीनच्या रेल्स, बेअरिंग, आरसे गंजवतो. रेक्झिनचंही बऱ्याचदा तेच. ही कामं सीएनसी राउटरची, म्हणजे फिरत्या पात्यानं कापणाऱ्या मशीनची, लेझरची नव्हेत. तुकडा कशाचा आहे कळत नसेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून त्या तुकड्याला टेकवा आणि तार परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरिन आहे, तो तुकडा बाजूला ठेवा. हे मोकळ्या हवेत करा.

अॅक्रिलिक घेताना कास्ट (साच्यात ओतलेलं) आणि एक्स्ट्रूडेड (मशीनमधून दाबून काढलेलं) हा फरक बहिणीला शिकवा. एक्स्ट्रूडेड स्वस्त, कापल्यावर कड काचेसारखी चकचकीत, पण त्यावर कोरलं की अक्षर नीट उठत नाही. कास्टवर कोरलं की बर्फासारखं पांढरं अक्षर येतं. ट्रॉफीला कास्टच लागतं. दुकानदार दोन्ही 'अॅक्रिलिक' म्हणूनच देतो.

सर्व्हिसवाला_जालना

मी जालना, संभाजीनगर, परभणी भागात मशीनची दुरुस्ती करतो. कोणाचं मशीन चांगलं, कोणाचं वाईट हे सांगणार नाही. मशीन का बंद पडतात तेवढं सांगतो. निम्म्याहून जास्त वेळा कारण मशीनच्या बाहेर असतं: पाणी, वीज, अर्थिंग.

पाणी. आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं. बादलीत बोअरचं पाणी भरून सीओटू ट्यूब चालवणारे मी पाहिलेत. ट्यूबच्या आत पांढरा थर बसतो, काच थंड होत नाही. त्याहून वाईट म्हणजे क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते, आणि ट्यूबला हजारो व्होल्ट असतात. ठिणगी पाण्यातून उडाली की ट्यूब आणि पॉवर सप्लाय दोन्ही जातात. डिस्टिल्ड पाणीच भरा, दर दोन-तीन महिन्यांनी बदला.

चिलरमध्ये, म्हणजे हे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रात एक फसवणूक नेहमी होते. 'सीडब्ल्यू ३०००' लिहिलेला डबा मशीनबरोबर फुकट देतात. त्यात कॉम्प्रेसर नाही, नुसता पंखा आणि रेडिएटर आहे. तो पाणी खोलीच्या तापमानापेक्षा थंड करूच शकत नाही. मे महिन्यात तुमच्या शेडमध्ये ४२ असेल तर पाणीही ४२ च्या वरच. ट्यूबला २० ते २५ पाहिजे. ८०-१०० वॅटला '५०००' किंवा '५२००', म्हणजे कॉम्प्रेसर असलेला चिलर लिहून घ्या. आणि पावसाळ्यात उलटं सांभाळा. पाणी फार थंड, १८ वगैरे ठेवलं तर दमट हवेत ट्यूबवर दव धरतं. जून ते सप्टेंबर २५-२६ वर ठेवा.

अर्थिंग. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, कोणी बघत नाही. मल्टिमीटर घेऊन अर्थ आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टच्या वर असेल तर मशीन लावू नका. तुमच्याकडं त्याच शेडमध्ये वेल्डिंग चालतं ना? मग लेझरचं अर्थिंग वेगळं घ्या. फायबरला व्होल्टेज स्थिर ठेवणारा सर्व्हो स्टॅबिलायझर लागतोच.

एक फार महत्त्वाचं. काही विकणारे कंट्रोलरमध्ये तारखेचं कुलूप घालून देतात. ठराविक दिवशी मशीन पासवर्ड मागतं, आणि पैशाचा वाद असेल तर पासवर्ड मिळत नाही. इन्स्टॉलेशनच्या दिवशीच विचारा आणि कुलूप काढल्याचं लेखी घ्या.

बीड_स्टुडिओ

धाग्यात मध्येच घुसतोय, माफ करा. माझं फोटो स्टुडिओचं दुकान आहे. पेन, कीचेन, स्टीलच्या बाटल्या, पितळी पाट्या यांवर नाव टाकायला २० वॅटचं फायबर मार्किंग मशीन बघितलंय. टेबलावर मावतं. त्यानं पत्रा पण कापतो असं व्हिडिओत दाखवतात. घेऊ का?

वाळूजचा_शीटमेटलवाला

मार्किंगसाठी घ्या, उत्तम चालतं. ते गॅल्व्हो मशीन, आरसे हलवून किरण फिरवतं, म्हणून वेग भरपूर, पण काम ११० बाय ११० किंवा १७५ बाय १७५ एमएम एवढ्याच चौकोनात. व्हिडिओतला पत्रा म्हणजे कागदासारखा पातळ पत्रा शंभरदा किरण फिरवून काढलेला. ते धंद्याचं कटिंग नाही.

आणि डोळे सांभाळ, बाळा. हे मनापासून सांगतोय. फायबरचा किरण डोळ्याला दिसत नाही, बुबुळातून थेट पडद्यावर जातो आणि पडदा जाळतो. दुखतही नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. चकचकीत बाटलीवरून उसळलेला किरणसुद्धा पुरतो. ही मशीन उघडी विकतात. तू झाकण असलेलंच घे. १०६४ नॅनोमीटर (म्हणजे तेच १.०६ मायक्रॉन) असं लिहिलेलाच चष्मा घाल, साध्या काळ्या गॉगलनं काहीही होत नाही. सीओटूचा किरण साधं अॅक्रिलिकचं झाकण अडवतं, फायबरचा अडवत नाही. सीओटूवाल्या मित्राचं बघून तसंच करू नकोस.

निवृत्त_बँकर_परभणी

मी सदतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली शेवटची दहा लघुउद्योगांच्या कर्जावर. औसेकर, तुम्ही दोन-चार गोष्टी नीट समजून घ्या.

पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम या योजनेत अनुदान मिळतं, पण नवीन उद्योगाला. तुमचं वर्कशॉप अकरा वर्षांचं, ते त्यात बसत नाही. तुमची बहीण नवीन उद्योजक म्हणून बसते. महिला असल्यामुळं ती विशेष प्रवर्गात येते: स्वतःचे ५ टक्के, अनुदान शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. उत्पादन उद्योगाला प्रकल्पाची मर्यादा ५० लाखांची आहे. जागा शहरी धरली जाईल की ग्रामीण, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

दोन चुका नेहमी होतात. एक, मंजुरी यायच्या आधीच मशीन उचलणं. तसं केलं की अनुदान गेलं. दुसरी, अनुदान हातात येईल असं धरून चालणं. ते तुमच्या नावानं तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही आणि ठेवीवर मिळतही नाही. उद्योग चालू असेल तर तीन वर्षांनी कर्जात जमा होतं.

मशीनवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असेल तर तो परत वळता होतो, कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सोप्या कर योजनेत, होत नाही. २० लाखांच्या मशीनवर ३ लाख ६० हजारांचा फरक आहे, म्हणून कोटेशन तुलनेला घेताना कर धरून की कर सोडून ते बघा.

आणि फायबरचं. २० लाख, ११ टक्के, पाच वर्षं धरले तर हप्ता महिना ४३ हजार ५०० च्या आसपास येतो. तुम्ही आज लातूरला जॉबवर्कचे महिन्याला किती देता? तो आकडा इथं लिहा. त्याच्यावाचून ही सगळी चर्चा हवेत आहे.

औसा_फॅब्रिकेटर

काका, तुम्ही आकडा विचारला आणि लक्षात आलं की मी तो कधी काढलाच नव्हता. काल रात्री बहिणीनं आणि मी बिलांचा डबा पालथा घातला. गेल्या तीन महिन्यांत लेझरचे ३१ हजार ४००, २७ हजार ८०० आणि ३६ हजार २००. पत्रा आमचाच असतो, हे नुसते कटिंगचे. म्हणजे लातूरचं सगळं काम बंद केलं तरी हप्तासुद्धा निघत नाही, गॅस, वीज, ऑपरेटर लांबच.

बहिणीचं वेगळं काढलं. तिनं गेल्या महिन्यात जागेअभावी आणि वेळेअभावी अकरा ऑर्डरी सोडल्या, त्यांची वही ठेवलीय तिनं. मला माहीतच नव्हतं.

वाळूजचा_शीटमेटलवाला

भाऊ, एवढ्यावरून फायबरचा नाद सोडू नका, दुसरी बाजूही सांगतो. मशीन आलं की आजूबाजूचं काम येतं. उदगीर, निलंग्याचे फॅब्रिकेटरही लातूरलाच रांग लावतात. तुमच्या गावात सोय झाली तर ते तुमच्याकडं येतील.

निवृत्त_बँकर_परभणी

येतील, पण लेखी घ्या. 'येईल' म्हणून धरलेल्या कामावर काढलेली कर्जं थकलेली मी खूप पाहिली. तीन फॅब्रिकेटरांनी महिन्याला इतके तास देतो असं म्हटलं आणि थोडं आगाऊ दिलं, तर मी स्वतः तुम्हाला पुढं जा म्हणेन.

वाळूजचा_शीटमेटलवाला

काकांचं बरोबर आहे. मी सुरू केलं तेव्हा माझ्या हातात दोन कंपन्यांचं ठरलेलं काम होतं, हे मी वर सांगायला हवं होतं.

मग तोपर्यंत लातूरचाच खर्च कमी करा. दोन-तीन गेटं एकत्र धरून एका शीटवर नेस्टिंग करून, म्हणजे तुकडे एकमेकांत दाटीनं बसवून न्या. ८ बाय ४ फुटांच्या ३ एमएम शीटचं वजन ७० किलो, त्यातलं किती भंगारात जातं ते मोजा. नक्षीत छोटी भोकं कमी करा. प्रत्येक भोकाला नवीन पिअर्सिंग, म्हणजे कटिंगआधी पत्रा नव्यानं आरपार भेदणं, आणि वेळ तिथंच जातो. आणि ऑक्सिजनवर कापलेल्या कडेला ऑक्साईडचा काळा थर असतो. तो न घासता पावडर कोटिंग केलं की पहिल्याच पावसाळ्यात कडेवरून पापुद्रा सुटतो. गेटवाल्यांच्या अर्ध्या तक्रारी इथल्या आहेत.

पुढं फायबर बघायला जाल तेव्हा डीलरचा नमुना बघू नका. तुमचा पत्रा, तुमच्या डिझाईनची डीएक्सएफ फाईल न्या. त्यात ३ एमएम पत्र्यात ३ एमएमचं भोक ठेवा, एक टोकदार कोपरा ठेवा, एक मीटरचा चौकोन ठेवा. भोक गोल आहे का, कोपरा वितळला का बघा, चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. मग खालच्या कडेवरून अंगठा फिरवा. कडेला धातूचा खरखरीत कंगोरा (बर) राहिला असेल तर अंगठ्याला लगेच कळतं.

नांदेडची_नेमप्लेट

एक गोष्ट सांगायची राहिली. ही सीओटू लेझर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये शोधणारे कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे पहिल्या दिवशी सांगते. त्यांचे चेहरे बदलतात.

औसेकर दादा, बहिणीला चार दिवस नांदेडला पाठवा. माझ्या मशीनवर हात फिरवू दे. फोकस कसा लावायचा, आरसे कसे जुळवायचे, मशीन चालू असताना जागेवरून का उठायचं नाही, हे पुस्तकातून येत नाही. अॅक्रिलिक पेट घेतं. दोन मिनिटं चहाला गेलेल्या माणसाचं अख्खं मशीन जळालेलं मी पाहिलंय.

औसा_फॅब्रिकेटर

ताई, ती सोमवारी येतेय. तुमचे उपकार.

सगळ्यांचं वाचून ठरवलं ते लिहितो. 'मिक्स'वाल्याला नाही म्हणून कळवलं. बहिणीच्या नावानं सीओटू १०० वॅट, १३०० बाय ९००, कॉम्प्रेसरवाल्या चिलरसकट. पीएमईजीपीचा अर्ज भरायला घेतलाय, मंजुरीपर्यंत कोणाला एक रुपया देणार नाही. तीन डीलरांकडून कोटेशन मागवलं, त्यात ट्यूबची लांबी, चिलरचा नंबर आणि कंट्रोलरला कुलूप नाही हे तिन्ही लिहून मागितलं. तिघांपैकी एकानं ट्यूबची लांबी लिहायला टाळाटाळ केली, त्याचं नाव खोडलं. शेवटचे १५ टक्के पैसे आमच्या शेडमध्ये आमचं अॅक्रिलिक कापून दाखवल्यावर.

मेटलचं लातूरलाच चालू ठेवतो. उदगीरच्या दोघांशी आणि निलंग्याच्या एकाशी बोलणं चालू केलंय, काका म्हणतात तसं लेखी.

सर्व्हिसवाला_जालना

चांगलं केलंत. आता शटरची रुंदी मोजा. मशीन दारात आलं आणि आत जाईना म्हणून भिंत फोडलेली मी दोनदा पाहिली. वेल्डिंगपासून लांब, पार्टिशन घालून ठेवा. ग्राइंडरची लोखंडी धूळ आरशावर बसली की आरसा गेलाच. एक्झॉस्टची पाईप कुठं काढणार तेही आत्ताच ठरवा.

औसा_फॅब्रिकेटर

शटर ६ फूट १० इंच भरलं, मशीन जातं. वेल्डिंग पलीकडच्या शेडमध्ये हलवतोय, मधी पत्र्याचं पार्टिशन. पाईप मागच्या बाजूनं छताच्या वर काढणार, तिकडं वस्ती नाही. शनिवारी इलेक्ट्रिशियन वेगळ्या अर्थिंगचा खड्डा घेतोय. मल्टिमीटर आणलाय, रीडिंग आलं की इथंच टाकतो.